गीता १.१ : आंधळ्या राजाच्या शेजारी कोण बसलं होतं?



गीता जयंती झाली आणि ठरल्याप्रमाणे आपण पुन्हा पहिल्या श्लोकापासून वाचायला बसलोय. खरं सांगू का, दरवर्षी मी हा श्लोक पटकन उरकते. धृतराष्ट्र विचारतो, कुरुक्षेत्रावर जमलेल्या माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केलं? 'माझी' आणि 'पांडूची' हा भेद त्याच्या तोंडून पहिल्याच वाक्यात बाहेर पडतो, यावर चार ओळी लिहायच्या आणि अर्जुनाकडे जायचं. यंदा मात्र मी इथंच अडकलेय. कारण यंदा आमच्या घरातल्या एका माणसाची नजर जातेय.

माझा मामा. कोल्हापुरात गुजरीत त्याचं छोटं दुकान आहे, सोन्याचांदीचं. वय ५८. डोळ्याला भिंग लावून तासन् तास मान खाली घालून बसणारा कारागीर. गेली दोन वर्षं तो महाद्वार रोडवर लोकांना धडकायचा. बाजूनं येणारी स्कूटर त्याला दिसायची नाही. आम्ही हसायचो, "मामा, लक्ष कुठं असतंय तुझं?" तो पण हसायचा. भिंगाखालचा मणी त्याला स्वच्छ दिसत होता, मग डोळ्यांत काही बिघडलंय असं वाटणार तरी कसं? काचबिंदू असाच येतो, दुखत नाही, खुपत नाही. बहुतेक वेळा नजरेच्या कडा आधी खातो आणि मधलं शेवटपर्यंत ठेवतो. समोरच्या एका ठिपक्याकडे बघत आयुष्य काढलेल्या माणसाला कडा गेल्याचं कळलंच नाही.

मेमध्ये तपासणी झाली. कुठल्या हॉस्पिटलमध्ये ते महत्त्वाचं नाही, आणि डॉक्टर वाईटही नव्हते. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसायचं आणि बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं, अशी एक टेस्ट असते. मामा बाहेर येऊन म्हणाला, "मशीन बिघडलंय बहुतेक. दिवे लागतच नव्हते."

मग डॉक्टरांनी सांगितलं. काचबिंदू आहे, बराच पुढे गेलाय. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकवायला रोज थेंब घाला, तीन महिन्यांनी या. मामानं विचारलं, "ऑपरेशन कधी करायचं?" त्याला मोतीबिंदू माहीत होता. आपल्या सगळ्यांच्या आज्यांचा झालेला असतो. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली की लख्ख. डॉक्टर म्हणाले, यात तसं नसतं. डोळ्याची नस सुकलीय, ऑपरेशन केलं तरी ते उरलेलं राखायला. बाहेर ऐंशी माणसं बसलेली. सगळं मिळून चार मिनिटं. आम्ही उठलो आणि जिन्याकडे निघालो तर खालच्या चष्म्याच्या काउंटरवरून पोरीनं हाक मारली, "सर, नवीन फ्रेम्स आल्यात, बघणार का?"

डॉक्टरांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी त्या जिन्यावर मामाचा हात माझ्या दंडावर होता आणि पुढची पायरी कुठे आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

पुढचे तीन महिने घरात जे चाललं त्याला मी आता गांधारीचे महिने म्हणते. मामीनं टीव्ही बंद केला. शुक्रवारी अंबाबाईला जाणं बंद केलं. "ह्यांना दिसत नाही, मग मी कशाला बघायचं?" आजीनं एक वेळ जेवण सोडलं. मी पुण्याहून शनिवारी यायचे, मामाजवळ बसून रडायचे आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परत जायचे. एकदा जेवताना कुणीतरी सहज बोलून गेलं, आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. ताटांवर सगळ्यांचे हात थांबले. मामा दुकानात जाईना. संध्याकाळी म्हणायचा, "रंकाळ्याला सोड मला, जरा एकटा बसतो." मामी त्याला एकटं सोडत नव्हती. का, ते घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

गांधारीनं डोळ्यांवर पट्टी बांधली, हा त्याग आपण लहानपणापासून ऐकतो. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये गांधारीवर वेगळा लेखच लिहिलाय, नसेल वाचला तर जरूर वाचा. मला तिच्या प्रेमावर शंका घ्यायची नाही. पण त्या राजवाड्यात आंधळ्या माणसाला सगळ्यात जवळचे असे दोन डोळे होते आणि तेही बांधले गेले. धृतराष्ट्राला त्यानं काय मिळालं? कुणीतरी आपल्यासाठी दुःख भोगतंय हे ओझं मिळालं. मामालाही तेच मिळत होतं. तो आमच्यासमोर हसायचं नाटक करायला लागला होता, आम्ही रडू नये म्हणून.

त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड यायचे. गुलाबराव महाराजांचा फोटो, 'प्रज्ञाचक्षू', बघा, डोळ्यांवाचून केवढं ज्ञान! महाराजांपुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांची दृष्टी तान्हेपणी गेली होती. ज्याला जग कधी दिसलंच नाही आणि ज्याचं दिसणारं जग ५८ व्या वर्षी हातातून सुटतंय, या दोघांना एकच फोटो पाठवून कसं चालेल? शिवाय महाराजांनाही ग्रंथ कुणीतरी वाचून दाखवत होतं, ते सांगतील ते लिहून घेत होतं. त्या वाचून दाखवणाऱ्याचा फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

एका नातेवाइकानं मागच्या जन्मीचं कर्म काढलं. मी भांडले नाही, आता वाटतं भांडायला हवं होतं. महाभारतात व्यासांनी धृतराष्ट्राचं आंधळेपण त्याच्या पापाच्या खात्यावर टाकलेलं नाही. आदिपर्वात अंबिकेनं भीतीनं डोळे मिटले म्हणून मूल आंधळं जन्मलं, अशी कथा आहे. त्याला दोष लागतो तो पुढे, सगळं कळत असूनही मुलाला आवरलं नाही याचा.

श्रावणात ओळखीतून एक सर घरी आले. निवृत्त संगीतशिक्षक, पस्तिशीत दृष्टी गेलेली. पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवली आणि आधी चहा मागितला. मामीनं कप हातात द्यायला धरला तर म्हणाले, "टेबलावर ठेवा आणि कुठं ठेवला ते सांगा." मग मामाला विचारलं, कुठलं औषध, किती वेळा, थेंब स्वतः घालता की दुसरं कुणी? आमच्याकडे तीन महिने मामी घालत होती, आणि ती माहेरी गेली की राहून जायचे. सर म्हणाले, "उद्यापासून स्वतः." काचबिंदूत थेंब चुकवणं म्हणजे उरलेल्यातलं देऊन टाकणं, हे इतकं सरळ आम्हाला पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

आणि मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नसलेलं काही दिसतं का हो?"

मामा गप्प झाला. बऱ्याच वेळानं म्हणाला, व्हय. संध्याकाळी भिंतीवर चांदीच्या तारेची जाळी दिसते. कधी उंबऱ्यात एक बाई उभी असते, हिरवं लुगडं, काही बोलत नाही. दोन महिने झाले. "मला वाटलं, डोळं गेलं ते गेलं, आता डोकं पण चाललंय." आणि तो माणूस, जो हॉस्पिटलमध्ये रडला नव्हता, तो तिथं रडला.

सर म्हणाले, मला घोडे दिसायचे. नजर गेल्यावर पुष्कळांना असं होतं. डोळ्यांकडून चित्र येईनासं झालं की मेंदू स्वतःची चित्रं लावतो. ती चित्रं नुसती दिसतात, बोलत नाहीत. वेड नाही. डॉक्टरांच्या कानावर घाला, पण भिऊ नका. नंतर मी वाचलं, शार्ल बॉने नावाच्या एका स्विस विद्वानानं १७६० मध्येच आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलंय. म्हाताऱ्याचं डोकं ठणठणीत होतं, नजर अधू झालेली, आणि त्याला माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या. त्या आजाराला आज बॉनेचंच नाव आहे.

आता माझी कबुली. मामीला त्या हिरव्या लुगड्याबद्दल आधीपासून माहीत होतं. ती मला फोनवर म्हणाली होती, "अंबाबाई येतीय गं घरात." आणि मी, रोज गीतेवर लिहिणारी मी, म्हणाले होते, "मामी, भाग्य लागतं." मला छान वाटलं होतं ते म्हणताना. तिकडे मामा अंधारात बसून आपल्याला वेड लागतंय म्हणून घाबरत होता, आणि मी त्याच्या भीतीला दर्शन म्हणत होते. श्रद्धेच्या नावानं मी त्याच्यापासून एक साधं खरं वाक्य दूर ठेवलं. माझी पट्टी ती. मामीच्या पट्टीपेक्षा माझी जास्त सुबक होती इतकंच.

हे सगळं झाल्यावर मी पुन्हा भीष्मपर्व काढलं. आपल्या मनात चित्र असं असतं की युद्ध सुरू होतंय, शंख वाजतायत आणि संजय लाइव्ह कॉमेंट्री करतोय. मूळ क्रम वेगळा आहे. युद्धाआधी व्यास धृतराष्ट्राला म्हणतात, हवी तर तुला दृष्टी देतो. तो नको म्हणतो, आपल्याच माणसांचा संहार बघायचा नाही, फक्त ऐकायचा आहे. मग दिव्यदृष्टी संजयाला मिळते. दहा दिवस युद्ध होतं. दहाव्या दिवशी संजय रणभूमीवरून येतो आणि पहिल्यांदा सांगतो ते हे, की भीष्म पडले. धृतराष्ट्र कोसळतो. विलाप करतो. आणि त्यानंतर म्हणतो, पहिल्यापासून सांग. त्या सांगण्यात गीता येते.

म्हणजे पहिला श्लोक विचारणाऱ्या माणसाला सगळ्यात वाईट बातमी आधीच कळलेली आहे. काय झालं हे त्याला माहीत आहे. त्याला आता शेजारी बसून सगळं नीट सांगणारं कुणीतरी हवं आहे. मला या श्लोकात एकदम तो जिना दिसला. डॉक्टरांनी बातमी दिली होती. बातमीनंतर जो बसतो तो आमच्याकडे नव्हता. आणि संजय गोड बोलत नाही, हेही बघा. अगदी शेवटच्या श्लोकात, जिकडे कृष्ण आणि अर्जुन तिकडेच विजय, असं तो त्या आंधळ्या बापाला तोंडावर सांगतो. तुमची मुलं हरणार, हाच त्याचा अर्थ. तरीही तो उठून जात नाही.

हॉस्पिटलमध्ये अशी खुर्ची असू शकते का? असते. इंग्लंडमध्ये कितीतरी सरकारी हॉस्पिटलांच्या डोळ्यांच्या विभागात यासाठीच माणूस नेमलेला असतो. डॉक्टरकडून बाहेर पडलेला पेशंट त्याच्याकडे जातो, आणि तो कागदपत्रांपासून घरातल्या जिन्यापर्यंत सगळं बोलतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत पुनर्वसनाचं काम संस्थेच्या आतच चालतं. आणि आपल्या पुण्यातलं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय कुणाचं आहे माहितीय? पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचं. अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं डोळ्यांचं हॉस्पिटल! मी हडपसरला तीन वर्षं राहिले, रोज बोर्ड बघायचे, कधी विचार केला नाही.

आम्हाला त्या खुर्चीवर काय कळायला हवं होतं, ते लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. दिव्यांग प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून मिळतं, कोल्हापुरात सीपीआर, आणि त्यासोबत यूडीआयडी कार्ड. अर्ज ऑनलाइन करता येतो. "मला अक्षरं दिसतात, मला कोण अंध म्हणणार?" असं मामा म्हणायचा. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नजर किती रुंद आहे हेही मोजतात. चांगल्या डोळ्याचं क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल तर कायद्यानं ते अंधत्वच, आणि १० ते ४० अंशांत असेल तर अल्पदृष्टी. हात लांब करून मूठ धरा, ती मूठ साधारण १० अंश. तेवढ्या खिडकीतून मंगळवार पेठेचा चौक ओलांडून बघा.

नोटा ओळखायला सरांनीच शिकवलं. १०० च्या नोटेवर बोटाला लागणारा त्रिकोण आणि कडेला चार रेघा, ५०० च्या नोटेवर वर्तुळ आणि पाच रेघा. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं अ‍ॅप आहे, २०२० पासून, नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किंमत बोलून दाखवतं. मामा सराफ माणूस, त्याला अ‍ॅपपेक्षा बोट पटलं. त्या दिवशी रात्री त्यानं गल्ल्यातल्या सगळ्या नोटा डोळे मिटून दोनदा मोजल्या. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. भिंगाचं काम आता भाचा करतो, गिऱ्हाईक आणि हिशेब मामाकडे.

काठीला मात्र तो अजून तयार नाही. गुजरीत काठी टेकत गेलो तर लोक माझ्याकडं सोनं ठेवतील का, म्हणतो. सरांनी आग्रह केला नाही. "मला चार वर्षं लागली," एवढंच म्हणाले.

जो त्या वाटेनं आधी गेलाय त्याच्या अशा एका वाक्याचं वजन वेगळंच असतं. आपल्या कोल्हापुरात हे नवीन नाही. नसीमादीदी हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचलं असेल. ऐन सोळाव्या वर्षी पाय गेले, जगावंसं वाटेना, आणि मग बाबूकाका दिवाण भेटले. तेही चाकाच्या खुर्चीत, पण व्यवसाय करणारे, स्वतः गाडी चालवणारे. पुढे १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी राहिली. ही सगळी माणसं योगायोगानं भेटली. नसीमादीदींना बाबूकाका भेटले, आम्हाला सर भेटले. ज्यांना कुणीच भेटत नाही ते जिन्यावरून घरी जातात आणि दार लावून घेतात.

नवसाचं राहिलंच. मामीनं चांदीचे डोळे बोलले होते अंबाबाईला. मला वाटलं मामा चिडेल, कारण अशा डोळ्यांच्या कितीतरी जोड्या त्यानंच घडवून विकल्यात. तो म्हणाला, "वाहूया की. पण थेंब चुकवायचे न्हाईत." जोडी त्यानं भाच्याकडून करून घेतली आणि बोटानं कड तपासली. डाव्या डोळ्याची कड खरखरीत होती, परत घासायला लावली. नवस बोलणं चूक का बरोबर, यावर मी या महिन्यात बरंच डोकं चालवलं. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि मामाला प्रश्नच पडलेला नाही.

गेल्या महिन्यात किरणोत्सव होता. ९, १०, ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांवरून वर चढत जातात, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी. मामानं पन्नास वर्षांत एक चुकवला नसेल. ११ तारखेला म्हणाला, चल. गर्दीत आम्ही स्क्रीनच्या जवळ उभे राहिलो. मूठभर खिडकीतून त्याला हलता उजेड सापडत नव्हता. म्हणाला, "तू सांग."

मी सांगायला लागले. उंबरा ओलांडला. चरणांवर आली. गुडघ्यांवर. कमरेला. मामाचे हात जोडलेले, मान किंचित वर, पोर गोष्ट ऐकतं तशी. आजूबाजूला सगळे श्वास धरून. आणि छातीच्या थोडं वर जाऊन किरणं फिकट झाली. पश्चिमेला ढग असावा. मुखापर्यंत पोचलीच नाहीत, विरून गेली.

माझ्या जिभेवर आलं होतं, "मुखावर आली मामा." कुणाचं काय बिघडलं असतं? त्याचा चेहरा मी बघत होते. दोन-तीन सेकंद गेले असतील.

"छातीपर्यंत आली," मी म्हणाले. "पुढं नाही गेली."

"ढग हाय काय?"

"असेल."

"दोन-तीन वर्षांतनं एकदा होतंय असं," तो म्हणाला. आरती सुरू झाली, तो टाळ्या वाजवायला लागला. परत येताना घाटी दरवाजाच्या पायऱ्या मी मोजून सांगितल्या. शेवटच्या पायरीवर तो थांबला आणि विचारलं, "तुझ्या आईनं डोळं तपासलं का?"

काचबिंदू घराण्यात येतो. सख्ख्या भावाला असेल तर बहिणीनं डोळ्यांतला दाब आणि नस तपासून घ्यायची असते. हेही सरांनीच सांगितलेलं, ऑगस्टमध्ये. आई तेव्हापासून टाळतेय. आधी गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी. भीती वाटते असं म्हणत नाही, पाहुणे आहेत म्हणते.

उद्या सकाळी दहाची वेळ घेतलीय. सुट्टी मिळाली नाही म्हणून मी पुण्यातच आहे. मामा सोबत जातोय तिच्या. रिक्षा त्यानंच सांगून ठेवलीय.